फ्रंट फ्लिप: आधी उडी, मग गुलांटी

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमधे निम्म्याहून जास्त फ्रंट फ्लिपबद्दल, म्हणजे हवेत पुढे मारायच्या गुलांटीबद्दल आहेत. सुट्ट्या लागल्या की दरवर्षी असं होतं, पण यंदा त्यातल्या तीन जणांना आधीच लागलंय, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत आणि सगळी जागा यालाच दिलीये. पहिलं उत्तर लांबलंय. ते लांबायलाच हवं होतं, कारण तो मुलगा कोणी बघायला नसताना शिकतोय.

ताई, मी १९ वर्षांचा आहे, भांडुपला राहतो. दोन महिने रील्स बघून फ्रंट फ्लिप शिकतोय, रविवारी सकाळी आम्ही चार मित्र जुहूला जातो आणि वाळूवर ट्राय करतो. मी फिरतो पूर्ण पण दरवेळी बुडावरच आपटतो, पायावर उभा राहातच नाही. मागच्या रविवारी गुडघा हनुवटीवर बसला, ओठ फाटला, दोन टाके पडले. मित्र म्हणतात अजून जोरात डोकं आत घाल. काय चुकतंय? क्लासला जास्त पैसे नाहीत.

अरे, टाके निघून ओठ नीट बरा होईपर्यंत जुहू बंद. आणि मित्रांचा सल्ला अजिबात ऐकू नकोस, कारण तुझं जे बिघडतंय ते डोकं लवकर आत घातल्यामुळेच बिघडतंय.

फ्लिप म्हणजे आधी उडी. गुलांटी त्या उडीच्या वरच्या टोकाला व्हायला हवी. तू काय करतोयस ते मी न बघता सांगते, पळत येतोस, पाय टेकतात न टेकतात तोच मान खाली जाते, मानेबरोबर खांदे जातात, कंबर मागे राहते, आणि पायांनी दिलेला सगळा जोर वर जायच्या ऐवजी पुढे जातो. म्हणजे तू वर जातच नाहीस, पुढे फेकला जातोस. थोडा हिशोब सांगते. दीड फूट वर उडालास तर हवेत साधारण ०.६ सेकंद मिळतात, पाऊण फूटच उडालास तर ०.४३. एवढ्यात अख्खं अंग गोल फिरवून पाय खाली आणायचेत. उडी कमी पडली की पाय खाली यायच्या आत जमीन येते, तू बसक्या अवस्थेत आपटतोस, आणि बसकं आपटताना गुडघा वर येतो आणि हनुवटी खाली, दोघं मधे भेटतात. तुझा ओठ असा फाटला. जीभ दातात सापडली असती तर आणखी वाईट झालं असतं, म्हणून फ्लिप मारताना तोंड बंद, दात मिटलेले, आणि च्युइंगम तोंडात ठेवून कधीच नाही.

आता फिरकीचं. फिरकी जमिनीवरूनच घेऊन जायची असते, एकदा पाय सुटले की हवेत नवीन फिरकी कुठून मिळत नाही. हवेत फक्त ती फास्ट किंवा स्लो करता येते. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर हात पसरून गोल फीर आणि मधेच हात छातीशी घे, खुर्ची एकदम जोरात फिरते, टक मारला की तेच होतं. गुडघे छातीशी, हात नडगीवर, गुडघ्यांमधे थोडी फट, म्हणजे नाक मधे येत नाही. हनुवटी छातीकडे जाते पण ती उडी वर गेल्यावर, हातांच्या मागोमाग. हात आधी कानाजवळ सरळ वर, छाती वर, नजर समोर, आणि मग हात पुढून खाली नडगीकडे. हा क्रम तुझ्या डोक्यात पक्का बसू दे, बाकीचं नंतर.

आमच्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमधे नवीन मुलांची उडी मी बघत नाही, पाठ करून उभी राहते आणि ऐकते. दोन्ही पाय एकदम पडले तर एकच आवाज येतो, ठप्. एक पाय आधी आला तर ठ-ठप् असा तुटका येतो, आणि टाच पडली तर दबलेला, गोणी टाकल्यासारखा. एकच स्वच्छ ठप् यायला काही मुलांना महिना लागतो. त्या महिन्यात कोणाला एकसुद्धा फ्लिप मारू देत नाही, रुसतात, पण नाही म्हणजे नाही. चवड्यांवर, गुडघे जवळजवळ सरळ, पाय कमरेच्या किंचित पुढे टेकवून उसळायचं, त्यालाच पंच म्हणतात. तू खोल बसून उडायला जात असणार, बहुतेक जण जातात, त्यात पळत आणलेला स्पीड सगळा गुडघ्यात मरतो.

आणि वाळू. वाळू मऊ असते म्हणून सगळे चौपाटीवर जातात, पण हाच पंच वाळूत होत नाही रे. कोरड्या वाळूत पाय रुततो, जोर वाळू खाऊन टाकते, उडी आणखी कमी होते. ओल्या वाळूत, जिथे भरतीचं पाणी येऊन गेलंय तिथे, उडी बरी लागते पण ती वाळू डोक्याला आणि मानेला पक्क्या जमिनीसारखीच लागते. शिवाय खड्डे, काचा, शिंपल्या. वाळूवर शिकलेला मुलगा हॉलमधे आला की त्याची आधीची सवय मोडण्यात आमचे दोन महिने जातात, हे मी कितीदा बघितलंय.

मग करायचं काय, तर साध्या कोलांटीपासून. हसू नकोस. गादीवर पुढची कोलांटी घाल आणि बघ की टाळू टेकते का. टेकायला नको. हात टेकतात, हनुवटी आत, मानेच्या खालचा भाग आणि खांदे टेकतात, गोल पाठीवरून येऊन हात न लावता उभं राहायचं. हे सलग दहा वेळा जमलं की डाइव्ह रोल, म्हणजे थोडं उडून मग कोलांटी. हे तुला फ्लिपपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडणार, कारण फ्लिपमधे जास्त फिरलास आणि पुढे तोल गेला तर वाचवणारी गोष्ट हीच, पुढे रोल होऊन जायचं. सरळ हात टेकवून स्वतःला अडवायचं नाही. मी अकरावीत असताना गच्चीवर असाच हात टेकवला आणि मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर होतं, त्या वर्षीच्या स्पर्धा गेल्या. तेव्हा मला कोणी पडायला शिकवलंच नव्हतं, म्हणून मी आता सगळ्यात आधी तेच शिकवते.

त्यानंतर सरळ उडी, मग टक उडी, आणि मग खरी फ्लिप, पण ती पायावर उतरायची नाही. कमरेएवढ्या उंच रचलेल्या जाड क्रॅश मॅटवर, समोर स्प्रिंगबोर्ड किंवा मिनी ट्रॅम्प (छोटा ट्रॅम्पोलिन) ठेवून, उडून सपाट पाठीवर पडायचं. पाठीवर पडणं म्हणजे तीन चतुर्थांश फ्लिप झाली. ते सारखं सारखं एकाच जागी पडायला लागलं की बसायला यायचं, मग पायावर, मग एकेक मॅट काढत खाली. बाजूला कोच उभा, एक हात पोटाखाली, एक पाठीवर, यालाच स्पॉट म्हणतात. बॅक फ्लिपमधे शेवटी जमीन दिसते, फ्रंट फ्लिपमधे जमीन फार उशिरा दिसते, जवळजवळ आंधळंच उतरायचं असतं, म्हणून टक कधी उघडायचा हे अंगाला कळायला शेकडो उड्या लागतात आणि त्या चुकल्या तरी माफ करणाऱ्या मॅटवर झालेल्या बऱ्या.

जिम्नॅस्ट दीपा कर्माकरची रिओ ऑलिंपिकमधली प्रोदुनोव्हा व्हॉल्ट, म्हणजे पळत येऊन टेबलावर हात टेकवून मारलेली उडी, बघितली असशील. २०१६ ची, हँडस्प्रिंगवरून, म्हणजे हातांवरून घेतलेल्या उसळीवरून, हवेत पुढे दोन गुलांट्या. ती इतकी खाली बसत उतरली की बघताना छातीत धस्स झालं होतं. १५.०६६ गुण, चौथा नंबर, ब्राँझ फक्त ०.१५० ने गेलं. तिच्यासारखी मुलगी, एवढ्या वर्षांची प्रॅक्टिस, तरी फ्रंटचं लँडिंग इतकं अवघड. तू दोन महिन्यांत नाराज होऊ नकोस.

पैशांचं म्हणशील तर जुन्या व्यायामशाळांमधे चौकशी कर, प्रायव्हेट क्लासच्या मानाने फी बरीच कमी असते. शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून आहे, तिथला मल्लखांब जगभर माहितीये, तिथले उदय देशपांडे सर यांना २०२४ मधे पद्मश्री मिळाली. भांडुपहून दादर एका लोकलचं अंतर. मल्लखांब कर, जिम्नॅस्टिक्स कर, एरंडेल लावलेल्या खांबावर एकदा उलटं लटकलास की डोकं खाली असताना कुठे काय आहे हे अंगाला कळायला लागतं, फ्लिपमधे निम्मी भीती त्याचीच असते.

ताई, मी १६ वर्षांची, परळ. जिम्नॅस्टिक्सला तीन वर्षं जाते, फ्रंट टक येत होता. दिवाळीनंतर एकदा कमी फिरले आणि मानेवर पडले. काही झालं नाही, एक्सरे नॉर्मल आला. पण आता पळत येते आणि बोर्डाच्या आधी पाय थांबतात. सर ओरडतात, मुली बघतात. मी भित्री झालेय का?

नाही गं. तुझ्या अंगाने तुला वाचवलंय. पाय थांबले ते बरं झालं, अर्ध्या मनाने उडी मारणं हेच फ्रंटमधे सगळ्यात धोक्याचं, कारण अर्धी उडी म्हणजे परत मानेवर.

आधी एक विचारते. मान आता दुखते का, हाताला मुंग्या येतात का, रात्री कुशीवर वळताना कळ येते का? यातलं एक जरी असेल तर एक्सरे नॉर्मल असला तरी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना परत दाखव, प्रॅक्टिस थांबव. आईला हे पान वाचायला दे.

तसलं काही नसेल तर मागे जायचं, आणि मागे जायला लाज वाटून घ्यायची नाही. फ्रंट टक विसर. बोर्डावर नुसती सरळ उडी, उंच मॅटवर पाठीवर पडणं, जे तू तीन वर्षांपूर्वी केलंस तेच. दिवसाला पंधरा-वीस. पाय न थांबता सलग आठवडाभर झालं की मॅट थोडी खाली. मधेच परत थांबलीस तर एक पायरी परत मागे. माझ्याकडच्या एका मुलीला चार महिने लागले होते, आणि ते चार महिने ती रोज आली, घरी बसली नाही, मला तिचं तेवढं कौतुक बाकी कशाचंच वाटलं नाही. आणि पळायच्या आधी मनात फक्त एकच शब्द ठेव, "वर". फिरायचं वगैरे मनात आणू नकोस, फिरणं तुला येतंच.

दीपाचंच पुढचं सांगते, २०१७ मधे तिच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं आणि जुलै २०१८ मधे तुर्कस्तानात मर्सिनला वर्ल्ड चॅलेंज कपमधे व्हॉल्टचं गोल्ड घेतलं. मधल्या काळात तिने आधी चालणं, मग पळणं, मग उड्या असंच केलं असणार, दुसरा रस्ता नसतो.

सरांशी बोल. ओरडण्याने पाय पुढे जात नाहीत. तुला एकटीला बोलायला जमत नसेल तर आईबाबांना घेऊन जा आणि शांतपणे सांग की मला दोन आठवडे स्पॉट हवाय. चांगला कोच ऐकतो. नाही ऐकलं तर क्लास बदलायचा विचार घरी मांड, मी तुझ्या बाजूने आहे.

नमस्कार. मी मुलुंडला राहते, मुलगा ९ वर्षांचा. ट्रॅम्पोलिन पार्कमधे बर्थडेला गेला आणि आता घरात बेडवरून फ्लिप मारायला बघतो. क्लासला घालू का, की हे वेडच बंद करू? क्लास चांगला आहे हे आम्हाला कसं कळणार?

बेडवरून आजपासून बंद, त्याला ओरडून नाही तर पंखा दाखवून. आपल्या मुंबईच्या खोल्या केवढ्या, वर पंखा, बाजूला कपाटाचा कोपरा, खाली टाइल्स. स्प्रिंगची गादी कुठे फेकेल सांगता येत नाही आणि कापसाची गादी टाइल्सवर सरकते, मुलगा पुढे आणि गादी मागे.

ट्रॅम्पोलिन पार्कात फ्लिप नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मधे स्पष्ट लिहिलंय की ट्रॅम्पोलिनवर मानेच्या कायमच्या गंभीर दुखापतींमागे गुलांटी आणि पडणं ही मोठी कारणं आहेत, आणि बहुतेक इजा एका वेळी जास्त मुलं उड्या मारत असताना होतात. मोठ्या मुलाच्या उडीने छोटं पोर भलतीकडे उडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण वेड बंद करू नका हो. नऊ वर्षं हे छान वय आहे, याच वयात अंग लवकर शिकतं. क्लासला घाला. बघायला जाल तेव्हा अर्धा तास गप्प बसून बघा. मुलं रांगेत थांबतात का, मॅटच्या फटी बंद आहेत का, पावसाळ्यात मॅटखालची लादी ओली तर नाही, वॉर्म-अपला मनगट, घोटे, मान यांना वेळ देतात का. पहिल्याच दिवशी पोराला हातावर उचलून फ्लिप मारून व्हिडिओ काढून तुम्हाला पाठवणारा क्लास असेल तर तिथून निघा, तुम्हाला ते बघून कितीही आनंद झाला तरी. कोचना शिक्षण विचारा, पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा असेल तर चांगलंच, नसेल तर कोणाकडे शिकले ते विचारा, विचारण्यात काही गैर नाही. स्पॉटिंगमधे मुलाला हात लावावाच लागतो, म्हणून कुठे आणि कशासाठी हात लावणार हे कोच मुलाला आधी सांगतो का तेही बघा, आणि पालकांना बसून बघू न देणारा क्लास मला तरी नको वाटतो.

वय ३४, बोरिवली, बीकेसीत आयटीत आहे. लहानपणी राहून गेलं. आता शिकलो तर चालेल का?

चालेल, मनापासून सांगते, शिका. फक्त मुलांच्या वेगाने नाही. या वयात बसून बसून पोटऱ्या आणि टाचेमागची शीर, अकिलीस, आखडलेली असते आणि एकदम उड्या सुरू केल्या की तीच तुटते. पहिले सहा आठवडे नुसत्या टाचा उचलणं, दोरीवरच्या उड्या, आणि गुडघ्याएवढ्या स्टुलावरून खाली उडी मारून आवाज न करता उतरणं. खालच्या मजल्यावरच्यांना कळलं नाही पाहिजे इतकं हलकं. कोलांटी घालताना चक्कर येईल, मोठ्यांना येतेच, रोज दोन-तीन घातल्या की काही आठवड्यांत कमी होते. बीपी, मानेचा किंवा कमरेचा स्लिप डिस्क, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं व्हायचं नाही. ऑफिसमधून थेट येऊन, उपाशी आणि दमलेलं असताना पण नको. आठवड्यातून दोन दिवस धरले तर मॅटवरची फ्लिप यायला चार-सहा महिने लागतील असं धरून चाला.

ताई, प्रश्न शिकण्याचा नाही. गिरगाव चौपाटीवर आमच्यातला एक जण फ्लिप मारताना डोक्यावर पडला. लोकांनी त्याला हाताला धरून उठवून बसवलं, पाणी पाजलं, टॅक्सीत घातलं. तो नशिबाने ठीक आहे. पण नंतर एका काकांनी सांगितलं की असं उचलायचं नसतं. मग काय करायचं असतं?

त्या काकांचं बरोबर आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून मला खूप बरं वाटलं. मुंबईत कोणी पडलं की दहा हात पुढे येतात, त्या माणसांना मी वाईट म्हणणार नाही. पण मानेचं हाड सरकलेलं असेल तर तेच दहा हात मज्जारज्जूला इजा करू शकतात, आणि तो मुलगा आयुष्यभरासाठी हातपाय घालवून बसू शकतो.

डोक्यावर किंवा मानेवर पडलेल्याला हलवायचं नाही. जसा पडलाय तसाच राहू दे. एकाने डोक्याशी गुडघे टेकून बसायचं, दोन्ही हातांनी डोकं दोन्ही बाजूंनी धरून स्थिर ठेवायचं, मान सरळ करायला जायचं नाही, आणि त्याच्याशी बोलत राहायचं, हलू नकोस, आम्ही आहोत. दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा, चौपाटीवर नेमकं कुठे ते सांगायचं, आणि तिसऱ्याने रस्त्यावर जाऊन अँब्युलन्सला हात दाखवायला उभं राहायचं, नाहीतर ती शोधत बसते. पाणी, चहा, काही द्यायचं नाही. बोटं हलतात का, पायाला हात लावलेला कळतो का, मुंग्या येतात का एवढं विचारा आणि अँब्युलन्सवाल्यांना सांगा. श्वासच चालत नसेल तर मात्र मानेचा विचार बाजूला ठेवून छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची, श्वास आधी. भरतीचं पाणी येत असेल आणि हलवणं भागच असेल तर चार-पाच जणांनी डोकं, खांदे, कंबर, पाय एका रेषेत ठेवून एकदम, एकाच्या हुकमावर.

उठून चालायला लागला तरी त्या रात्री त्याला एकटं झोपवू नका. परत परत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बरळणं, जागं करायला त्रास, डोळ्यातली एक बाहुली मोठी एक लहान, यातलं काहीही दिसलं की वाट बघायची नाही, केईएम, सायन, नायर, कूपर जे जवळ असेल तिथे इमर्जन्सीत. आणि "ठीक आहे, अजून एक मारतो" म्हणाला तर त्याला हात धरून खाली बसवा, त्या दिवशी परत एकही नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत पुढचे दिवसही नाही.

तुमच्या त्या मित्राला अजून डॉक्टरांनी बघितलेलं नसेल तर उद्या सकाळीच घेऊन जा.